जुन्या अत्याचाराची तक्रार आणि मोफत कायदेशीर सल्ला : एक अनुभव

लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार इतक्या वर्षांनी करता येते का, हे विचारण्यासाठी मी एका मैत्रिणीबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले होते. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि बालकांना येथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पॅनेलवरील वकीलबाईंनी आधी घटनेचे वर्ष विचारले आणि मग म्हणाल्या, "सांगवेल तेवढंच सांगा, ताई." वर्षाला एवढे महत्त्व का, हे त्यांनी नीट उलगडून सांगितले. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची अट नाही, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा वीस वर्षांनीही दाखल होऊ शकतो. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा मात्र 14 नोव्हेंबर 2012 रोजी लागू झाला आणि त्याआधीच्या कृत्याला तो लावता येत नाही. मैत्रिणीच्या बाबतीत 2008 साली जे घडले, ते तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 354 मध्ये, म्हणजे विनयभंगात, बसत होते. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे शिक्षा होती आणि म्हणून तक्रारीला तीन वर्षांची मुदत होती. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीची मुदत ती बारा वर्षांची होताच, घरात कुणाला सांगण्याआधीच संपली. हा अन्याय आहे, आणि वकीलबाईंनीही तो गुळमुळीत शब्दांत झाकला नाही. विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास किंवा न्यायासाठी आवश्यक वाटल्यास न्यायालय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 473 खाली (जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 519 खाली) मुदतीनंतरही दखल घेऊ शकते, हे सांगून त्यांनी लगेच घटनाक्रमाचे टिपण लिहायला घेतले आणि प्रत्येक वाक्य तिला वाचून दाखवले.

उणीव आहे ती जागेची. शेजारच्या टेबलावर पोटगीची बोलणी चालू होती आणि तेथील शब्दन्‌शब्द आम्हाला ऐकू येत होता. आमचेही त्यांना ऐकू गेले असणार. अशा तक्रारींसाठी दार लावता येईल अशी खोली हवीच. मुदतीची माहिती देणारा साधा फलकही तेथे नाही.

सल्ल्यासाठी मात्र मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. जाताना वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला सोबत न्यावा. जाणे शक्य नसेल, तर 15100 या क्रमांकावर फोन करता येतो.