आमच्या उपकेंद्रातलं 'अंतरा' इंजेक्शन: पाच वर्षांचा अनुभव

दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं हे इंजेक्शन फुकट मिळतं, तीन महिन्यांतून एकदा घ्यावं लागतं आणि दंडात मुंगी चावल्याएवढं दुखतं. हे तर भिंतीवरच्या पोस्टरवरही लिहिलेलं आहे. आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर पहिल्या दिवशी माझ्याशी वीस मिनिटं बोलल्या, त्या वीस मिनिटांसाठी मी हे लिहितेय. ती मिळाली नसती तर मी दुसऱ्या डोसाला गेलेच नसते.

मी दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडच्या एका वाडीत राहते. घरातच खानावळ आहे. दिवाळीपासून मे संपेपर्यंत शनिवार-रविवारी पन्नास-साठ ताटं होतात. नवरा बोटीवर असतो, आठ-दहा दिवसांनी घरी येतो. मुलं दोन. धाकट्याच्या वेळचं बाळंतपण २०१८ साली तालुक्याच्या बाहेर एका दवाखान्यात झालं. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे मला न विचारता गर्भाशयात तांबी (कॉपर-टी) बसवली. कागदावर सही माझीच आहे, पण ती कळा चालू असताना घेतलेली. घरी येऊन सहा महिने झाले तरी कंबर धरलेली आणि पाळीला इतकं अंगावरून जायचं की चुलीपुढे उभी राहिले तर दर तासाला कपडा बदलायला पळायचं. दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंकडे गेले. तपासून त्या सहज म्हणाल्या, "तांबी आहे ना तुम्हाला, सुरुवातीला जातं तसं." मी खुर्चीत बसले होते ती तशीच बसून राहिले. माझ्या अंगात काय आहे ते मला सहा महिन्यांनी, तेही दुसऱ्याच कुणाकडून कळावं?

तांबी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने स्वतः मागून ३८० ए नावाची तांबी बसवून घेतली, ती दहा वर्षं चालते आणि तिला काहीही त्रास नाही. पण तिला आधी सांगितलं होतं की पहिले काही महिने पाळी जड जाईल, कळ येईल, मग बसेल. आम्हा दोघींच्या अनुभवात फरक पडला तो एवढ्या दोन वाक्यांचा.

मग २०१९ चा पाऊस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं पथक वाडीत आलं. पथकातल्या एका मुलीने छोटा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, तर तिने हात जोडून सांगितलं, "आजी, हे प्रश्न ताईंना एकटीला विचारायचे असतात." सासूबाई फुगून पडवीत गेल्या, पण गेल्या. पाळी किती वर्षांची असताना आली, लग्न कधी, मुलं किती, अजून हवीत का, असं बरंच विचारून झालं. मग तांबीवर आली आणि म्हणाली, "ती बसवली तेव्हा काय त्रास होऊ शकतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, "बसवलीय हेच सांगितलं नव्हतं." तिची बोटं थांबली. तिच्या यंत्रात हो किंवा नाही एवढंच होतं. तिने नाही दाबलं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन बघितलं, वजन-उंची घेतली आणि पुढच्या घरी गेली.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे त्या सर्वेक्षणाचा अहवाल आला तेव्हा मी मोबाइलवर शोधून वाचला. देशभरात पद्धत वापरणाऱ्या बायकांपैकी ६२.४ टक्के जणींना त्रासाबद्दल सांगितलं गेलं होतं. म्हणजे तिघींत एकीहून जास्त जणी माझ्यासारख्याच. कुणी गोळी घेतेय, कुणाचं ऑपरेशन झालंय, आणि पुढे शरीर काय करणार आहे याची कल्पना नाही. बायका मध्येच सोडून देतात तेव्हा "अडाणी आहेत" म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

पथक येऊन गेलं त्याच महिन्यात आशाताईंना घेऊन उपकेंद्रात गेले. दोन खोल्या, पुढे सिमेंटची पडवी आणि दारात रातांबा. सिस्टरांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. तांबी काढायला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, काम पाच मिनिटांत झालं. मग परत बोलावून बाकावर सगळं मांडलं: माला-एन या रोजच्या गोळ्यांचं पाकीट, छाया या आठवड्याच्या गोळ्यांचं पाकीट, निरोध, तांबी आणि अंतराची छोटी बाटली. आणि विचारलं, "वहिनी, आणखी मूल हवंय का? हवं असेल तर कधी?"

हा प्रश्न आधी का विचारतात ते मला नंतर कळलं. अंतरा थांबवल्यावर दिवस राहायला वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने, कधी जास्तही. ज्या बाईला वर्षभरात पुन्हा मूल हवंय तिला ते देऊन उपयोग नाही. मला नको होतं, पण ऑपरेशनही एवढ्यात नको होतं. रोजची गोळी माझ्याने होणारी नव्हती. पहाटे पाचला उठून मासळीला बंदरावर जाणारी बाई गोळी कुठे लक्षात ठेवणार? म्हणून अंतरा.

त्या वीस मिनिटांत सिस्टरांनी जे सांगितलं ते आजही पाठ आहे. पहिले तीन-चार महिने केव्हाही थोडं थोडं डाग पडेल, घाबरायचं नाही. नंतर पाळी लांबेल आणि बहुतेक बंदच होईल, तरी घाबरायचं नाही. वजन थोडं वाढू शकतं. हाडांतलं कॅल्शियम थोडं कमी होतं, बंद केलं की भरून येतं, तोवर दूध आणि काट्यासकट खायची बारीक मासळी सोडायची नाही. इंजेक्शनच्या जागी चोळायचं नाही, शेकायचं नाही, नाहीतर औषध लवकर उतरतं. संबंधातून लागणाऱ्या रोगांपासून हे वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खूप अंगावरून गेलं, डोकं फार दुखलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, तडक यायचं.

पहिला डोस आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी बीपी बघून, पाळीच्या पहिल्या सात दिवसांत दिला. डिसेंबर २०१९. पुढचे सगळे उपकेंद्रात. कार्डावर पुढची तारीख लिहून देतात.

सांगितलं तसंच झालं. जानेवारीत डाग पडायला लागले. ऐन हंगामात, पाहुणे जेवायला बसलेले. आधीची मी असते तर रडले असते. या वेळी कॅलेंडर बघितलं आणि मनात म्हटलं, दुसरा महिना आहे, पडणारच. जूनपर्यंत पाळी पूर्ण थांबली. तेव्हा सासूबाई बसल्या काळजी करत. "अगो बाय, तो मळ पोटात साचतोय. गाठ होईल." मी त्यांनाच उपकेंद्रात घेऊन गेले. सिस्टर म्हणाल्या, "आजी, पीठच दळलं नाही तर डब्यात साचेल कुठून? गर्भाशयाचं आतलं अस्तर या औषधाने वाढतच नाही, मग पडायचं काय?" सासूबाईंना पिठाचं पटलं. आता वाडीतल्या बायकांना त्याच हे सांगतात.

खरी परीक्षा झाली ती २०२० मध्ये. माझा तिसरा डोस होता ८ जूनला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीत पोफळी मोडून रस्त्यावर आडव्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडालेले, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि वर कोरोना. सगळी आवराआवर करताना ११ तारखेला मला कार्ड आठवलं आणि पोटात गोळा आला. आशाताई चिखल तुडवत घर मोजायला आल्या होत्या. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालतं गो. रस्ता मोकळा झाला की ये." मी २२ तारखेला गेले. पत्रा उडालेल्या पडवीत सिस्टरांनी इंजेक्शन दिलं. ज्यांना स्वतःच्या घरावर छप्पर नव्हतं त्या बाई ड्यूटीवर हजर होत्या, हे मी विसरणार नाही.

माझ्या जावेला मात्र त्यांनी अंतरा दिलं नाही. तिला वर्ष-दीड वर्षाने दुसरं मूल हवं होतं, म्हणून छाया दिली. ही गोळी आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आहे आणि तिच्यात संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच. जाऊबाई सोमवार-गुरुवारच्या चौकोनांत कालनिर्णयवर कुंकवाचा ठिपका लावायची. गोळ्या थांबवल्यानंतर तिला मुलगी झाली. दोघी एकाच घरातल्या, एकाच सिस्टरांकडे गेलेल्या, आणि दोघींना वेगळी वस्तू मिळाली, कारण दोघींना आधी विचारलं होतं.

आता उणं काय ते लिहिते. साठा. गेल्या पाच वर्षांत दोन वेळा बाटली संपलेली होती आणि मला आरोग्य केंद्रापर्यंत रिक्षा करून जावं लागलं. म्हणजे दुपारची जेवणं बुडाली. ज्या बाईला घरी सांगायचं नाही, तिने दुसऱ्या फेरीचं कारण काय सांगावं? लसीकरणाच्या दिवशी जाऊ नका, पोरांच्या रडण्यात सिस्टरांना बोलायला उसंत नसते.

दुसरं, पुरुष. उपकेंद्रातल्या बाकावर पुरुष बीपी मोजायला येतात, संततिनियमनाचं विचारायला एकही येत नाही. त्याच सर्वेक्षणात देशात ऑपरेशन झालेल्या बायका ३७.९ टक्के आणि नसबंदी केलेले पुरुष ०.३ टक्के. पुरुषांचं बिनटाक्याचं असतं, त्याच दिवशी घरी सोडतात. आमच्याच मुरुडात जन्मलेल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी प्राध्यापकी घालवली. त्यांचं गाव माझ्या चुलीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. शंभर वर्षं झाली, आणि बोटीवरून आलेला माझा नवरा अजून उपकेंद्राच्या फाटकाबाहेर गाडीवर बसून राहतो. मागच्या खेपेला मी त्याला हाताला धरून आत आणलं. सिस्टरांनी त्याच्याशीही तसंच बसून बोलणं केलं. तो ऐकत होता, दोन प्रश्नही विचारले.

तिसरी गोष्ट खोलीची. बोलायची खोली आणि इंजेक्शनची खोली एकच, दार लागत नाही, आणि पडवीतल्या बाकावरच्या माणसाला आतलं सगळं ऐकू येतं. "पाळी कधी आली होती?" हा प्रश्न गावातल्या काकांसमोर ऐकायला नव्या लग्न झालेल्या पोरीला काय वाटत असेल? सिस्टर आवाज खाली ठेवतात, पण भिंतच नसेल तर त्या काय करतील? ग्रामसभेत दोनदा विषय काढला, टिपून घेतला गेला.

उपकेंद्राला पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो सिस्टरांचा नाही, साठ्याचा आणि दाराचा. बचत गटात मागच्या महिन्यात आम्ही वर्गणी काढून जाड निळं कापड आणलं आणि मशीनवर शिवून घेतलं. नळीला अडकवायच्या कड्या दापोलीच्या बाजारातून आणायच्या राहिल्यात. माझी पुढची तारीख चौदा आहे, तेव्हा पडदा सोबतच घेऊन जाईन.