बिडाचा तवा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी मे महिन्यात मी रत्नागिरीच्या बाजारातून अकरा इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा घेतला. वजन सुमारे अडीच किलो, किंमत साडेनऊशे रुपये. तेव्हापासून आठवड्यातले निदान चार दिवस तो शेगडीवर चढतो, त्यामुळे त्याच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते. आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे आणि तो मला मनापासून आवडतो. मात्र सव्वासातला धाकटीची रिक्षा दारात येते आणि साडेआठपर्यंत आम्ही नवराबायको दोघेही कामाला बाहेर पडतो, म्हणून न्याहारी आणि दोन डबे यांसाठी हातात जेमतेम तासभर असतो. हा तवा त्या एका तासात कितपत उपयोगी पडतो, हाच या परीक्षणाचा विषय आहे.

तवा घेण्याचे कारण घावन. माझे बालपण कुडाळजवळच्या गावात गेले आणि तिथे बिडाच्या तव्याला ‘भिडं’ म्हणतात. आईच्या भिड्यावरच्या घावनाला जशी जाळी पडत असे, तशी माझ्या नॉनस्टिक तव्यावर कधीच पडली नाही. दोष माझ्या पिठाचा असावा असे मी कित्येक वर्षे समजत होतो, पण खरा फरक उष्णतेचा होता. घावनाचे पीठ अतिशय पातळ असते. ते कडकडीत तापलेल्या तव्यावर पडले की त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ बाहेर पडताना जाळी तयार होते. पातळ तवा पीठ पडताच निवतो. बीड जाड आणि जड असल्यामुळे त्यात साठलेली उष्णता पुष्कळ असते आणि सलग चार-पाच घावने काढली तरी ती फारशी उतरत नाही. शिवाय नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर बिघडू लागतो, त्यामुळे रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत ठेवणे तिथे योग्यच नव्हे. बिडाला ही भीती नाही.

मात्र पहिले तीन आठवडे या तव्याने मला फार छळले. ‘तयार तवा आहे, घरी नेऊन लगेच वापरा’ असे दुकानदाराने सांगितले होते. ते खरे नव्हते. पहिली सगळी घावने चिकटली आणि उलथन्याने खरवडून काढावी लागली. मग मी तवा धुऊन आचेवर कोरडा केला, खोबरेल तेल लावून तापवला आणि हे तीनदा केले, तरीही पृष्ठभाग तेलकट, चिकटच राहिला. त्याचे कारण नंतर समजले. तवा ‘तयार होणे’ म्हणजे तेलाच्या अगदी पातळ थराचे उष्णतेने कठीण, गुळगुळीत कवच बनणे. हे काम असंतृप्त मेद जास्त असलेली तेले चांगले करतात, आणि खोबरेलातला सुमारे नव्वद टक्के मेद संतृप्त असतो. आपल्या किनाऱ्यावर हात आपसूक खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मी नंतर सूर्यफुलाचे तेल वापरले: चार थेंब तेल, ते फडक्याने असे पुसायचे की तवा जवळजवळ कोरडाच दिसावा, आणि मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचा. असे पाच वेळा केल्यावर करडा रंग जाऊन तव्याला काळी झाक आली. आता रोज घावन घालण्यापूर्वी वांग्याच्या देठाने किंवा अर्ध्या कांद्याने तेल फिरवले की पुरते, आणि त्यासाठी खोबरेल उत्तमच आहे. घावनाला त्याचा वास हवाच.

तव्याइतकाच बदल मला कृतींत करावा लागला. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, दळून आणलेले पीठ आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीतच होते. एरवी बाजारचे तांदळाचे पीठ. हे पीठ कोरडे असते आणि लगेच भिजवून घातले तर घावन फाटते. म्हणून मी रात्री एक वाटी पीठ दोन वाट्या पाण्यात मीठ घालून कालवतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी त्यात पाव वाटी गरम पाणी घालतो. त्याने पीठ पातळ होते आणि त्याचा गारठाही मोडतो, कारण थंडगार पीठ तव्याची सगळी उष्णता खाऊन टाकते. पहिल्यांदा फोनवर हे प्रमाण सांगितले तेव्हा आई म्हणाली, ‘झिला, पीठ ताकासारख्या पातळ होऊक व्हया.’ ते वाक्य कोणत्याही मापापेक्षा उपयोगी पडले. पीठ तळाशी बसते, म्हणून दर घावनाला वाटीने ढवळून घ्यावे, कडेकडून मध्याकडे ओतावे आणि लगेच झाकण ठेवावे. कडा तव्यापासून आपोआप सुटू लागल्या की घावन झाले. मध्यम आचेवर सात मिनिटे तवा तापवला, तर पुढच्या पंचवीस मिनिटांत आठ घावने होतात आणि तेवढ्यात शेजारच्या शेगडीवर डब्याची भाजीही होते.

आंबोळीसाठी आईचे प्रमाण तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद आणि चमचाभर मेथी. त्यातल्या एका वाटी तांदळाऐवजी मी नाचणी घेतो. रंग काळपट होतो, पण काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर मुले ती न कुरकुरता खातात आणि डब्यात ती दुपारपर्यंत मऊ राहते. आंबोळी जाड असते, म्हणून आच घावनापेक्षा पुष्कळ कमी हवी. खापरोळी, म्हणजे जाड मऊ धिरडे, मुळात मातीच्या खापरावरची. ती बिडावर जवळजवळ तशीच होते आणि रविवारी गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून आमच्याकडे तिचा फडशा पडतो.

आता उणिवा. तवा जड आहे. मनगट दुखत असेल त्याने तो घेऊ नये. मूठही बिडाचीच असल्याने तापते आणि फडक्याशिवाय धरता येत नाही. बिडात उष्णता हळू पसरते, त्यामुळे लहान शेगडीवर मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. आधी मंद आचेवर नीट तापू देण्यावाचून त्याला पर्याय नाही. तळ सपाट असेल तर इंडक्शनवर चालतो, पण थंड तवा एकदम पूर्ण आचेवर ठेवू नये. बीड ठिसूळ असते आणि लादीवर पडले तर तडकू शकते.

सर्वांत मोठी काळजी पावसाळ्याची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत समुद्राचा ओलावा असतोच. गेल्या जुलैत आम्ही चार दिवस गावी गेलो, परतलो तेव्हा तव्यावर तांबूस गंजाचे ठिपके होते. ते काथ्याने घासून निघाले, पण वरचे कवचही गेले आणि सगळे पुन्हा करावे लागले. आता धुतल्यावर तवा आचेवर पूर्ण कोरडा करून, तेलाचे बोट फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो. कोकम किंवा चिंच घातलेले काहीही त्यावर शिजवू नये. आंबटाने कवच उतरते आणि पदार्थ काळवंडतो. बांगड्याचे तिखले, म्हणजे आंबट-तिखट कालवण, आमच्याकडे मातीच्या भांड्यातच होते.

रव्यात घोळवलेले बांगडे मात्र या तव्यावर इतके कुरकुरीत होतात की मोह आवरत नाही. पण मासळीचा वास तव्यात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी धाकटी घावनाचे ताट सरकवून देते. म्हणून गेल्या महिन्यात आणखी एक, नऊ इंची तवा घेतला. या वेळी दुकानात तळ सपाट फरशीवर ठेवून डगमगतो का ते पाहिले, बोटाच्या पेराने वाजवून आवाज खणखणीत येतो ना याची खात्री केली आणि ‘तयार आहे’ हे ऐकूनही घरी येऊन तेलाचे पाच थर दिलेच. तो मासळीचा. अकरा इंची घावनांचा.