गावाकडचे जुने फोटो जपायचे तर स्टुडिओ, स्कॅनर की मोबाईल?

पुण्यात राहून आपल्या गावाचे जुने फोटो गोळा करायचं मनात असलेले बरेच जण भेटतात, आमच्या हडपसरकडं तर प्रत्येक सोसायटीत एखादा तरी निघतोच, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की स्कॅनर घ्यावा का, मोबाईलनं भागेल का, का सरळ स्टुडिओत नेऊन द्यावेत. मी तिन्ही करून बघितलंय. डीपीआय म्हणजे काय, जेपेग कधी आणि टिफ कधी हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो, त्यामुळं कंपनीच्या वेबसाईटवर मिळतं ते इथं लिहीत नाही.

आधी आमच्या गावाचं सांगतो, कारण माझं मत त्यावरनंच बनलंय. गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या बॅकवॉटरला. धरण १९८० साली पूर्ण झालं पण गाव त्याच्या आधीच उठलं, नवीन गावठाण वर आलं आणि जुनं पाण्यात गेलं. आता पुण्याहून लोक भिगवणला फ्लेमिंगो बघायला जातात ते हेच पाणी. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरलं की उन्हाळ्यात वर येतं, ते बघायला गर्दी होते, पण बाकी गावांची वेस, चावडी, नदीचा घाट, पाराखालची जागा हे आता बघायचं तर फोटोतच. त्यामुळं आमच्याकडं फोटोत कोण उभं आहे इतकंच महत्त्वाचं त्याच्या मागं काय दिसतंय हेही आहे. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या खांद्यामागं वेशीची कमान अर्धी दिसते, तेवढाच वेशीचा पुरावा. पुण्याच्या पेठांच्या इतिहासासाठी भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था १९१० पासून उभी आहे, आमच्या गावाचं जे काही आहे ते लोकांच्या घरातल्या भिंतीवर आणि ट्रंकेत आहे.

स्टुडिओचं लवकर उरकतो. पुण्यातल्या एका स्टुडिओत मी सुरुवातीला थोडे फोटो दिले होते, काम स्वच्छ होतं, वेळेत मिळालं, पण त्यांच्याकडं जुना फोटो म्हटलं की रिस्टोर करायचा असंच धरलेलं असतं. म्हणजे आजोबांना कापून बाजूला काढायचं आणि मागं निळं बॅकग्राऊंड लावायचं. घरात हार घालून लावायला ते ठीक आहे, पण आम्हाला हवी होती ती चावडीची भिंत त्यातच गेली. मूळ स्कॅन जसाच्या तसा मागितला तर तो त्यांनी ठेवलाच नव्हता. सगळे असं करत असतील असं नाही, आधी नीट सांगितलं तर करूनही देतील, पण दुसऱ्याच्या घरचे फोटो तिसऱ्याच्या दुकानात चार-आठ दिवस ठेवायची जबाबदारी मला झेपली नाही. तर खरी तुलना उरते स्कॅनर आणि मोबाईलची.

स्कॅनरबद्दल माझं मत चांगलंच आहे. सुटे फोटो असतील, सपाट असतील, पोस्टकार्ड किंवा त्याहून लहान असतील तर स्कॅनरसारखं दुसरं काही नाही. जुने फोटो बरेचदा अडीच इंचाचे चौकोनी असतात, बॉक्स कॅमेऱ्यावर नाहीतर आग्फा क्लिक थ्रीवर काढलेले, फिल्म होती तेवढाच प्रिंट. हे स्कॅनरवर १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, घ्या, पाराखाली बसलेल्या माणसाच्या हातातली चंची सुद्धा ओळखू येते. मोबाईल इथं फसतो, इतक्या जवळ नेला की तो गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो आणि कडा मऊ पडतात. निगेटिव्ह असतील तर प्रश्नच नाही, त्याला मागून लाइट देणारा स्कॅनरच बरा. आणि फोटोची पाठ! पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, कुणीतरी शाईनं तारीख नाहीतर नाव घातलेलं असतं, ते दोन्ही बाजूंनी पटापट घेता येतं. यूएसबीवर चालणारा पातळ स्कॅनर घेतला तर लॅपटॉपवरच चालतो, गावात लाइट गेली तरी काम थांबत नाही, स्वारगेटहून एसटीनं जाताना पाठीवरच्या बॅगेत बसतो. हे सगळं पाहून मी तोच घेतला आणि सुरुवातीचं बरंचसं काम त्याच्यावरच झालं.

आता जिथं माझं गाडं अडलं ते सांगतो. फ्रेम.

गावात सुटा फोटो हा तसा बिनमहत्त्वाचा फोटो असतो. जो महत्त्वाचा तो मोठा करून, पुठ्ठ्यावर चिकटवून, काचेच्या फ्रेममध्ये आढ्याखाली गेलेला असतो. शाळेचा ग्रुप फोटो, सोसायटीचं पहिलं संचालक मंडळ, भजनी मंडळ, कुस्तीचा फड जिंकल्यावर गदा घेऊन बसलेला पैलवान आणि त्याच्या मागं अख्खं गाव, बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर साहेब आले तेव्हाचा फोटो, हे सगळं फ्रेममध्ये. आणि हे फोटो दहा बाय बाराचे असतात. ए-फोर स्कॅनरची काच साडेआठ इंच रुंद आणि पावणेबारा इंच लांब. म्हणजे दहा बाय बाराचा फोटो त्यात बसतच नाही, दोनदा-चारदा सरकवून घ्यायचा आणि मग कॉम्प्युटरवर जोडायचा. तेही चाललं असतं, पण इतक्या वर्षांत पुठ्ठा वाकलेला असतो आणि त्या पातळ स्कॅनरला काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं, दोन-तीन मिलीमीटर वर उचललेलं धूसर येतं. ग्रुप फोटोत कडेला कोण असतं? शिपाई, कामाठी, खाली मांडी घालून बसलेली लहान पोरं. मधले गुरुजी आणि सरपंच एकदम टकाटक आणि कडेची माणसं पुसट. मला हे फार लागलं, कारण मधल्यांची नावं गावात सगळ्यांना पाठ आहेत, कडेच्यांची विचारायला लागतात आणि ती सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत. जड, सीसीडीवाला (आत लेन्स असलेला, थोडं वर उचललेलंही स्पष्ट दाखवणारा) स्कॅनर असेल तर धूसरपणाची अडचण बरीच कमी होते हे खरं, पण तो प्लगवर चालतो, ओझं होतं आणि साइझ तीच राहते.

बरं हे झालं फोटो फ्रेममधून बाहेर आला तर. तो येतच नाही. मागं प्लायवुड, त्याला बारीक चुका, त्यावर ब्राऊन पेपर, चुका गंजलेल्या. एका घरी तिथल्या दादांनी स्वतःच पक्कड घेऊन मागची बाजू सोडवली तर फोटो काचेला चिकटलेला. पावसाळ्यातली ओल वर्षानुवर्षं लागली की फोटोवरचा थर मऊ होऊन काचेला धरतो, मग तो ओढला की चेहराच काचेवर राहतो. कोपरा जरा उचलून बघितला, तिथलं धोतर काचेवर राहायला लागलं तसं लगेच थांबलो आणि आहे तसं बंद केलं. असा फोटो दिसला तर काचेसकटच ठेवायचा, घरी सोडवायच्या भानगडीत पडू नका ही हात जोडून विनंती. आणि काचेसकट, लाकडी पट्टीसकट तो स्कॅनरवर ठेवला तर पट्टीच्या जाडीनं इतका वर राहतो की काही येत नाही.

शिवाय हार घातलेले फोटो. सासऱ्यांच्या, आज्जीच्या काचेवर रोज कुंकू लागलेलं असतं, तो फोटो भिंतीवरनं उतरवा म्हणायला जीभ रेटत नाही, आणि घरची म्हातारी माणसं म्हणतात "बाबा, हितंच काय ते कर." धरणात घर गेलेल्या लोकांचं तर अजून वेगळं आहे, त्यांचे फोटो पुनर्वसनाच्या कागदांबरोबर एकाच ट्रंकेत असतात, ती ट्रंक उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणजे स्कॅनरची क्वालिटी कितीही सरस धरली तरी गावाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचे फोटो त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. माझ्यासाठी निकाल तिथंच लागला.

मोबाईलचं, किंवा कॅमेरा असेल तर कॅमेऱ्याचं, काम म्हणजे यंत्रच फोटोपाशी जातं. आकड्यांत सांगायचं तर साध्या बारा मेगापिक्सेलच्या मोबाईलवर पोस्टकार्ड साइझचा फोटो स्क्रीन भरून घेतला तर इंचाला साडेसहाशेच्या आसपास पिक्सेल पडतात, स्कॅनरच्या ६०० च्या बरोबरीचे. दहा बाय बाराला तेच तीनशेच्या आसपास येतं, कागदावर त्याच साइझला परत छापायला पुरेसं. अर्थात पिक्सेल सारखे म्हणून धार सारखी येते असं नाही, सुट्या फोटोत शेजारी-शेजारी ठेवून बघितलं तर स्कॅनर मला अजूनही जरा उजवा वाटतो.

काचेवरची चमक हा मोबाईलचा मुख्य त्रास, पण तो सुटतो. घरातला ट्यूबलाइट बंद करायचा, फ्रेम ओसरीवर सावलीत भिंतीला टेकवून ठेवायची, उजेड एका बाजूनं येईल अशी, आणि आपल्या मागं काळं काहीतरी धरायचं म्हणजे काचेत आपणच दिसत नाही. काळं कापड न्यायला हवं असं काही नाही, गावात घोंगडी असतेच, दोन पोरांनी दोन टोकं धरली की झालं. मोबाईल ट्रायपॉडवर, थोडा लांब नेऊन दोन एक्सवर, म्हणजे दुप्पट झूमवर, घ्यायचा म्हणजे कडा वाकत नाहीत, टायमर लावायचा, आणि शेजारी पांढरा कागद आणि पट्टी ठेवून एक जादा फोटो घ्यायचा म्हणजे काचेचा हिरवट रंग नंतर काढता येतो आणि मूळ साइझही कळतो. भिंतीवरनं उतरवायचा नसेल तर स्टुलावर चढून तिथंच, फ्रेम वरनं पुढं कललेली असते तेवढाच मोबाईल कलवायचा. कुंकू पुसायला सांगू नका, तसाच घ्या.

ऐंशीच्या दशकातल्या त्या खरखरीत जाळीदार कागदावरच्या फोटोंना सुद्धा मला मोबाईलच बरा वाटला, स्कॅनरच्या लाइटमध्ये त्याचा दाणा न दाणा चमकतो, ओसरीच्या मऊ उजेडात तो बराच बसतो.

पण एक गोष्ट फार जपा. मोबाईल चेहरे सुधारतो. माझ्या चुलत आज्जीच्या सासूबाईंचा फोटो आहे, कपाळावर आणि हनुवटीवर ठसठशीत गोंदण. घेतला, छान आला असं वाटलं, आज्जीला दाखवला तर ती लगेच म्हणाली, "अरं, आत्याबाईंचं गोंदण कुठं गेलं?" मोबाईलनं चेहरा ओळखून डाग समजून तो गुळगुळीत केला होता. तेव्हा ब्युटी, एआय, एचडीआर जे काय असेल ते सगळं बंद, जमलं तर रॉ मध्ये, म्हणजे मोबाईलनं काही न सुधारलेल्या मूळ फाईलमध्ये, घ्यायचं, आणि त्या घरातून निघायच्या आधी घरच्यांना स्क्रीनवर झूम करून दाखवायचं. चमक काढून देणारी स्कॅनिंग ॲप आहेत, सोयीची आहेत, पण ती चार-पाच शॉट जोडून एक करतात आणि त्यात नेमकं काय बदललं ते कळत नाही, म्हणून मी ती फक्त झटपट यादी करायला वापरतो.

आणि एक फायदा जो मी धरलाच नव्हता. फोटो त्याच घरात, त्याच माणसांसमोर घेतला जात असतो, त्यामुळं बोलणं आपोआप सुरू होतं. एक मोबाईल फोटोवर आणि दुसरा रेकॉर्डिंगला ठेवायचा, डावीकडून उजवीकडं बोट ठेवत नावं सांगायला लावायची. हा कुठला ओटा, ती कुणाची भिंत, पालखी इंदापूरला असली की गावातले कोण कोण जायचे, शेजारचे ऐकून आत येतात, भांडतात, दुरुस्त करतात. पुण्यात आणून स्कॅन केलेल्या फोटोंना मला नंतर फोन करकरून नावं विचारायला लागली, आणि फोनवर "उजवीकडून तिसरा, टोपीवाला" असं सांगून काही साधत नाही, सगळेच टोपीवाले असतात.

तर कुणी काय घ्यावं. तुमच्या घरचेच अल्बम असतील, काळ्या पानांचे, कोपरे लावलेले, आणि ते तुमच्या ताब्यात असतील तर स्कॅनर घ्या, मनापासून सांगतो, बेत चांगला आहे. निगेटिव्ह असतील तरी तेच. पण काम अख्ख्या गावाचं असेल, दुसऱ्यांच्या घरात जायचं असेल, तर मी आज नव्यानं सुरुवात करताना स्कॅनरचे पैसे मागं ठेवून चांगला ट्रायपॉड आणि जमलं तर एक जुना चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा घेईन, उजेडासाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनं दोन एलईडी पॅनल, एवढ्यावर भागतं. तुमचं गाव डोंगरात मावळ-मुळशीकडं असेल, तिकडची घरं अंधारी आणि ओल जास्त, तिथं पॅनल लागतीलच.

दोन्हीत सारखं ते असं की व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक गावातच कुणाकडं तरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवायला मिळाली तर फारच चांगलं. ज्या घरचा फोटो घेतला त्यांना एक प्रिंट काढून द्या आणि कुठं टाकायच्या आधी विचारा. आमच्याकडं पहिल्या प्रिंटा वाटल्यावर मगच काही घरांनी ट्रंका उघडल्या, आणि त्यात सुटे, अडीच इंची फोटो निघाले, त्यामुळं स्कॅनर विकला नाही, तो आता फक्त त्यांच्यासाठी नेतो.