ज्याँ-मिशेल जारचा 'द कॉन्सर्ट्स इन चायना': ऐकावा, पण पूर्ण 'लाइव्ह' समजून नव्हे

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्यामुळे लाइव्ह रेकॉर्डिंग लागलं की पहिली शंका हीच, यातलं स्टेजवर नक्की किती वाजलं? जार या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या १९८२च्या या डबल अल्बमवर तर ती घ्यायलाच हवी. शेवटचं 'सुव्हेनिर ऑफ चायना' सरळसरळ स्टुडिओत केलंय. पण त्यात कॅमेऱ्याच्या शटरची खटखट ठेक्यात अशी बसवलीय की तक्रार करवत नाही.

कार्यक्रम झाले ऑक्टोबर १९८१मध्ये, बीजिंग आणि शांघाय मिळून पाच. माओ जाऊन पाच वर्षं झालेली, नवा नेता डेंग शियाओपिंगने चीनची दारं नुकती किलकिली केलेली. पाश्चात्त्य पॉपमधला कुणी तिथे असा दौरा करत नव्हता. आणि हा पठ्ठ्या फेअरलाइट, लिन ड्रम मशीन, ओबरहाइम असला इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा सगळा लवाजमा घेऊन पोचला! अशी वाद्यं एकमेकांना जोडणारं मिडी तेव्हा आलेलंच नव्हतं, आणि जुन्या धाटणीचा ॲनालॉग सिंथ (सिंथेसायझर) तापला की सूर सोडतो. बीजिंगमध्ये या सगळ्याला वीज पुरावी म्हणून आसपासच्या वस्त्यांची बत्ती गुल केली होती असं सांगतात. आमच्याकडे जनरेटरवाल्याने डिझेल कमी भरलं की हार्मोनियमवर निभावतो, म्हणून या गोष्टीचं मला विशेष कौतुक.

अल्बम खरा घ्यावा तो 'फिशिंग जंक्स ॲट सनसेट'साठी. गुझेंग या आडव्या तंतुवाद्यावरची नावाजलेली चिनी धून, सोबत बीजिंगच्या संगीत विद्यालयाचा वाद्यवृंद. पाचच स्वरांचा खेळ, आपल्या कानाला थेट भूपाच्या अंगणात नेतो. जारने इथे सिंथ अजिबात दामटलेला नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरी बसावं तसा तो बसलाय. फ्यूजनच्या नावाखाली सतारीवर ड्रम बडवणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

'आर्पेजिएटर' दणदणीत, हेडफोन लावूनच ऐका. 'लेझर हार्प'चं मात्र नुसत्या कानांनी काही खरं नाही. प्रकाशाची तिरीप हाताने अडवायची की सूर निघतो, हे बघायची चीज आहे. दौऱ्यावर फिल्म निघालेली आहे, ती मिळाली तर बघा. जारच्याच आधीच्या 'मॅग्नेटिक फील्ड्स' अल्बमचे तुकडे त्या मूळ अल्बममध्ये जास्त नेटके वाटतात, इथे पुढे ढकलले तरी चालतील.

'लास्ट रुम्बा'ला काही लोक नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. लग्नात पंगत बसली की वाजवायला एकदम फिट आहे, आमच्या यादीत घातलाय.