रात्रीचं इन्सुलिन: एनपीएच, ग्लार्जिन की डिग्लुडेक?

डॉक्टरांनी 'रात्रीचं इन्सुलिन सुरू करू' म्हटलं की ही तीन नावं कानावर येतात. साधं इन्सुलिन रक्तात उतरलं की काही मिनिटांतच निम्मं होतं. लिव्हर आणि किडनी ते मोडून टाकतात. म्हणून खरा प्रश्न असतो तो कातडीखालच्या चरबीतून औषध किती सावकाश सुटतं, हा.

एनपीएच हे १९४६ सालचं. प्रोटामिन नावाचं प्रथिन मिसळल्यामुळे ते दुधाळ दिसतं आणि हळूहळू विरघळतं. बाटली तळहातांत हलकेच फिरवून घ्यावीच लागते, नाहीतर डोस रोज कमीजास्त होतो. त्याचा जोर साधारण चार ते दहा तासांनी चढतो. म्हणजे रात्री नऊला घेतलं तर नेमकी मध्यरात्र ते पहाट, पोट रिकामं असतानाची वेळ, तेव्हा शुगर फार उतरू शकते. तरी ते सर्वांत स्वस्त आहे, आणि जेवणाखाणाच्या वेळा ठरलेल्या असतील तर अनेकांचं त्यावर उत्तम चालतं.

ग्लार्जिन बाटलीत आम्लधर्मी आणि पाण्यासारखं नितळ असतं. कातडीखाली गेलं की आम्लता जाते, त्याचे बारीक कण बनतात आणि ते सुमारे २४ तास झिरपत राहतात. ठळक चढ नाही. बाटलीतलं औषध आम्लधर्मी असल्यामुळे ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये भरायचं नाही. रात्री शुगर उतरत असेल किंवा माणूस एकटा राहत असेल, तर जास्तीचे पैसे इथे घालावेत असं माझं ठाम मत आहे.

कातडीखाली डिग्लुडेकच्या लांब साखळ्या बनतात, रक्तात ते अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं. असर ४२ तासांवर जातो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या प्रौढांना याचा मोठा आधार, कारण वेळ मागेपुढे झाली तरी चालते. दोन डोसांत किमान आठ तास हवेत. मात्र डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो. रोज युनिटं बदलत बसू नका.

किडनी अधू असेल तर तिन्ही जास्त वेळ रेंगाळतात आणि डोस बहुधा कमी लागतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा. एकाच जागी टोचून गाठी झाल्या तर महागडं इन्सुलिनही नीट शोषलं जात नाही.

आपल्याकडे बाटल्या ४० आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही मिळतात. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट डोस जातो; बाटली आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून घ्या.