एकधारी रेझर, आठ महिन्यांनंतर

दुधारी ब्लेडच्या रेझरवर माझा हात चांगला बसला होता. दुखणं एकच होतं. गळ्यावर, कंठाच्या दोन्ही बाजूंना उलटा हात फिरवला की दुसऱ्या दिवशी लालसर पुटकुळ्या यायच्या. तिथले केस आडवे उगवतात आणि कापले की कातडीच्या आतच वळतात. तेवढ्या जागेसाठी एकधारी रेझर घेतला. एक दिवसाआड दाढी करतो, त्यामुळे आतापर्यंत शंभरावर दाढ्या झाल्या आहेत.

घेण्याआधी एक गोष्ट पाहून ठेवा. एकधारी म्हटलं म्हणजे सगळी पाती सारखी नसतात. जेमचं पातं वेगळं, इंजेक्टरचं वेगळं आणि माझ्या रेझरला लागणारं आर्टिस्ट क्लब धाटणीचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात बसत नाही. आधी कुठली पाती सहज मिळतात ते बघा, मग रेझर निवडा.

खरा फरक जाडीचा आहे. दुधारी पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, हे ०.२५ च्या आसपास. पातळ पात्याला ताठपणा यावा म्हणून रेझरचं डोकं त्याला वाकवून आवळून धरतं. हे पातं सपाटच बसतं आणि जागचं हलत नाही. हनुवटीवरच्या राठ खुंटांशी गाठ पडली की हे लगेच कळतं. जिथे पूर्वी रेझर अडखळायचा तिथे तो सरळ पुढे जातो, आणि कापल्याचा आवाजही भरीव येतो. हा आवाज मला फार आवडतो.

तसा हा प्रकार जुनाच. काम्फे बंधूंनी १८८० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेला सेफ्टी रेझर एकधारीच होता. त्याचं पातं म्हणजे वस्तऱ्याचा आखूड तुकडा, पुन्हा पुन्हा चामड्यावर परजावा लागणारा. जिलेटच्या पातळ दुधारी पात्याला पेटंट मिळालं ते १९०४ मध्ये.

पहिले दोन आठवडे त्रासाचे गेले. जुन्याच सवयीने दाब दिला आणि डाव्या जबड्याखाली चांगलं बोटाच्या पेराएवढं कापलं. पातळ पातं थोडा दाब सोसून घेतं, हे घेत नाही. मग मूठ अगदी शेवटाला, दोन बोटं आणि अंगठा एवढ्यावरच धरायला लागलो. डोकं गालाला सपाट टेकवायचं आणि केस कापल्याचा आवाज येईपर्यंत मूठ हळूहळू खाली आणायची. तो कोन सापडला की रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. मधे महिनाभर धारेवर बारीक तारेचं कडं असलेली प्रोगार्ड पाती वापरली. शिकताना त्यांनी फार आधार दिला. नंतर मात्र दाढी तितकी तुळतुळीत होईना, म्हणून पुन्हा साध्या पात्यांवर आलो.

आता गळ्याबद्दल. पुटकुळ्या जवळपास थांबल्या. पण श्रेय एकट्या रेझरला देता येणार नाही, कारण गळ्यावर उलटा हात मी त्याच सुमारास सोडला. एक हात केसांच्या दिशेने, एक आडवा, बस. नक्की काय उपयोगी पडलं ते कळावं म्हणून पाचव्या महिन्यात दोन आठवडे जुना दुधारी रेझर याच पद्धतीने वापरला. पुटकुळ्या पूर्वीपेक्षा कमी आल्या, पण आडव्या हातानंतरही खुंट हाताला लागायचे आणि त्याच जागी तिसऱ्यांदा जावं लागायचं. एकधारीने दोन हातांत काम होतं. तिसरा हात वाचतो, आणि माझ्या कातडीला आराम मिळाला तो तिथेच. शेवटी फिरवलेली तुरटीही आता गळ्यावर झोंबत नाही.

पातं मला बारा ते पंधरा दाढ्या पुरतं, दुधारी पाच-सहा पुरायचं. नव्या पात्याची पहिली दाढी जरा तिखट असते, त्या दिवशी मी उलटा हात गालावरही टाळतो.

गैरसोयी आहेत. धार एकाच बाजूला, त्यामुळे रेझर उलटून पुढे जाता येत नाही आणि सारखा धुवावा लागतो. घट्ट फेस पात्यामागे तुंबतो, म्हणून साबणात थोडं पाणी वाढवून फेस पातळ ठेवतो. आतल्या फटीत साबणाचा थर साचतो तो निराळाच. सहाव्या महिन्यात त्या थरामुळे पातं किंचित तिरकं बसलं आणि उजवा गाल दिवसभर चुरचुरला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा डोकं उघडून जुन्या टूथब्रशने घासतो आणि पातं बसवल्यावर दोन्ही टोकांना धार सारखीच बाहेर आली आहे का ते उजेडात बघतो. पातं धरायचं ते टोकांनीच.

नाकाखाली मात्र हे रुंद डोकं अजून नीट पोचत नाही. तिथले चार केस नाकाचा शेंडा वर उचलून, कोपऱ्याकोपऱ्याने काढावे लागतात. घाईच्या सकाळी तेवढ्यापुरता दुधारीच हातात घेतो, म्हणून तो कपाटात न ठेवता आरशापाशीच ठेवला आहे.