मुरानोचा सोमेर्सो की एम्पोलीची हिरवी?

जुन्या इटालियन काचेची पहिली फुलदाणी घ्यायची, पैसे एकीपुरतेच, तर कोणती? मिलानला आमच्याकडे जेवायला येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच.

देखणेपणात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या सोमेर्सोला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. रंगीत काचेवर दुसऱ्या रंगाची, तिच्यावर बिनरंगी, असे थर चढवलेले. फ्लाव्हिओ पोली या डिझायनरने सेगूसो या मुरानोच्या काच कारखान्यासाठी केलेल्या अशा कामाला १९५४ साली कोम्पासो दोरो हे इटलीतलं डिझाइनचं बक्षीस मिळालं. अर्थात ते आपल्या खिशातलं नव्हे. आपल्याला परवडतात त्या बिनसहीच्या, पैलू पाडलेल्या.

तशीच एक, निळ्यात हिरवी, मी मिलानच्या नाविल्यो ग्रांदे कालव्याकाठच्या महिनाअखेरच्या बाजारात घेतली. घरी आणून सहज कडेवरून नख फिरवलं, तर अडकलं. तिळाएवढा टवका. मग तळाशी आणखी एक. डोळ्याला दिसेना, पण बोटाला कळायचा. कड घासून घ्यावी तर एक पैलू बसतो आणि शेजारचे तिरके दिसायला लागतात. ठेवली तशीच. पण दातात पेरूची बी अडकली की जीभ जशी तिथेच जाते, तसं धूळ पुसताना माझं बोट बरोबर तिथे. दोन वर्षं!

एम्पोली फ्लोरेन्सजवळचं. वाइनचे बुधले फुंकणारं गाव, आणि वाळूतल्या लोखंडाने आलेला तोच हिरवा रंग. साच्यात फुंकलेली गोल अंगाची काच, त्यामुळे टवका उडायला कड अशी तोंडालाच. तिथे बोट फिरवलं की तपासणी संपली. मान अरुंद असते, आत पाण्याचा पांढरा थर धरतो, हे खरं. मूठभर तांदूळ आणि व्हिनेगर घालून हलवायची. माझ्या फुलदाणीतला थर बराचसा निघाला, सगळा नाही. विक्रेते हिलाही बिनदिक्कत मुरानो म्हणतात, तेव्हा भाव करताना ‘एम्पोली ना?’ एवढं विचारून बघा.

ज्याला कडांचं काही वाटत नाही त्याने सोमेर्सोच घ्यावी, मी अडवणार नाही. माझी मी गेल्या वर्षी विकली. दोन्ही टवके आधीच दाखवले. घेणाऱ्याने चष्मा लावून पाहिलं, “कुठे आहेत?” म्हणाला, आणि घेऊन गेला.